तांब्याची सात दारं

वन्सं, आज मी तुमचं ऐकणार नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून तुमचं प्रत्येक म्हणणं ऐकलं, पण एक आता ऐकवत नाही. "सुजाता, ह्यो विषय आपल्या दोघींतच मरायचा," असं तुम्ही मला बजावलं होतं. आता दोघींतली एक गेली आणि विषय आहे तिथंच आहे. पंधरा दिवसांपूर्वी तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, भरल्या मांडवात, सगळ्या भावकीसमोर आणि शाळेतल्या माणसांसमोर मी तो बोलून टाकला. रागवायचं असेल तर रागवा. तुमचा राग मला नवा नाही.

शाळेच्या व्हरांड्यातल्या टाकीतले मासे तुमच्या हातून मेले नव्हते. ते मी मारले होते. हे एवढं वाक्य म्हणायला मला सोळा वर्षं लागली.

तुम्ही प्रयोगशाळा परिचर आणि मी त्याच शाळेत तीन वर्षांच्या मुदतीवर लागलेली शिक्षणसेवक. सासूबाई म्हणायच्या, घरात नणंद-भावजय आणि शाळेतही नणंद-भावजय, म्हणजे भांडण अर्धवट सोडायची वेळच यायची नाही. आपण भांडलोही भरपूर. त्या वर्षीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पोरं पुन्हा तोच खायच्या सोड्याचा ज्वालामुखी घेऊन आली, तेव्हा तुम्ही म्हणालात, आपण राधानगरी धरण करू. मातीच्या पाटावर नको, चार फुटी काचेच्या टाकीत करू. पंपानं पाणी वर चढवू, सात दरवाज्यांतून खाली सोडू आणि त्याच पाण्यात मासे ठेवू. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर एकमेकांना किती दरवाजे उघडले म्हणून विचारत असतं, ते दरवाजे पोरांना बारा महिने बघायला मिळतील. मी म्हटलं, सोपं आहे. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत, जसं काही पहिलीच्या वर्गात नाव घालायला मीच आले आहे. "धरण बांधणं सोपं हाय. त्यात मासं जगवणं अवघड हाय," म्हणालात.

मग तुमचा तो छळ सुरू झाला. दगड आणला की त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकायचे आणि कान लावून बसायचं. फसफसला की त्यात चुना, म्हणजे बाद. तुमच्या भावानं कौतुकानं फरशीवाल्याकडून संगमरवराच्या पांढऱ्या चिपा पोतंभर आणल्या होत्या. तुम्ही दोन थेंब टाकलेत, फेस आला, आणि पोतं तसंच अंगणातल्या चिखलात ओतलंत. भाऊ दोन दिवस फुगून होता. शेवटी खाणीतला काळा दगड पास झाला. भिंत सिमेंटची केलीत आणि ती महिनाभर न्हाणीघरातल्या टबात बुडवून ठेवलीत. दर दोन दिवसांनी पाणी बदलायचं आणि लिटमसचा कागद बुडवून बघायचा. सासूबाई कावल्या, म्हणाल्या, आंघोळ कुठं करायची, धरणात? तुम्ही ढिम्म. सिमेंटातला चुना पाण्यात उतरायचा थांबत नाही तोवर ती भिंत टाकीत जाणार नव्हती.

चिकटवायला सिलिकॉन आणायला मला पाठवलंत. दुकानदारानं बाथरूमला लावायचं दिलं, मी आणलं. तुम्ही चष्मा लावून नळीवरचं बारीक अक्षर वाचलंत आणि मला भर उन्हात परत पाठवलंत. त्यात बुरशी धरू नये म्हणून औषध घातलेलं होतं. जे बुरशीला मारतंय ते माशाला सोडंल व्हय, हे तुमचं वाक्य मी त्या दुकानदाराला जसंच्या तसं ऐकवलं, तर तो हसून म्हणाला, वैनी, नळी चार रुपयांनी महाग पडंल पण नणंदंला दुखवू नका. रत्नागिरीहून पोरांनी सहलीत आणलेले शंख-शिंपले तुम्ही एकेकाच्या हातात परत दिलेत. समुद्रातलं समुद्रात, आपलं पाणी त्यानं जड होतंय, म्हणालात. रंग तर कुठलाच नाही. सात दरवाजे तुम्ही आईस्क्रीमच्या डब्याच्या झाकणांतून कापलेत, कारण जे प्लॅस्टिक खाण्याच्या वस्तूला चालतं त्याची खात्री जास्त.

आणि तिथं माझं डोकं फिरलं.

मला त्या झाकणांची लाज वाटली, वन्सं. खरं सांगते. प्रदर्शन बघायला तालुक्यातनं साहेब येणार होते, माझी तिसऱ्या वर्षाची मुदत संपत आली होती, पुढं कायम व्हायचं की नाही ते त्यानंतर ठरणार होतं. एवढं देखणं धरण, आणि दरवाज्यांवर जवळून बघितलं तर फिक्कट निळ्या अक्षरात व्हॅनिला लिहिलेलं. मी बाजारात जाऊन तांब्याचा पातळ पत्रा आणला. तांबंच का? कारण गारगोटीला माहेरी रोज सकाळी आई तांब्यातलं पाणी प्यायला लावायची. तांब्यानं पाणी शुद्ध होतं, हे आम्हाला बाराखडीच्या आधी शिकवलेलं. तांब्याच्या पाण्यानं कधी कुणाला काही झाल्याचं मी ऐकलं नव्हतं. सात दारं कापून घेतली, आणि चमकावीत म्हणून चिंच-मीठ लावून खसाखसा घासली, जशी आपण दिवाळीला भांडी घासतो. शनिवारी शाळा सुटल्यावर तुम्ही घरी गेलात, मी मागं थांबले आणि झाकणं काढून दारं बसवली. घाईत नीट विसळलीही नाहीत. मासे आधीच सोडलेले होते, ते तसेच आत ठेवून पंप चालू केला. उन्हाची तिरीप काचेतून आत येत होती आणि सात दारांवरून पाणी असं सोन्यासारखं उतरत होतं की मी स्वतःवरच खूश झाले. सोमवारी तुम्हाला दाखवायचं आणि तुम्ही तोंडात बोट घालायचं, असं माझं ठरलं होतं.

सोमवारी आपण दोघी सगळ्यांच्या आधी पोचलो. पाण्यावर सगळे गप्पी उलटे तरंगत होते. दोन्ही गोल्डफिश तळाशी आडवे. गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत पडलेल्या. तुम्ही एक गोगलगाय उचललीत, वास घेतलात, मग दारांकडं बघितलंत. दारांच्या कडेला हिरवट डाग आले होते. तुम्ही ओरडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "चिंच लावलीस?" मी मान हलवली. चिंचेच्या आंबटानं तांबं सुटतं आणि ते पाण्यात उतरलं की पाण्यातल्या जिवाला ते विषच, हे तुम्ही मला तिथंच, मेलेले मासे गोळा करता करता समजावून सांगितलंत. माणसाला जे औषध ते सगळ्यांना औषध नसतं, म्हणालात. शिकवत होतात तुम्ही. त्या वेळीही शिकवत होतात.

व्हरांड्यात पावलं वाजली, मुख्याध्यापक आले. त्यांच्या मागून दोन शिक्षक. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही माझ्या हाताला असा काही चिमटा काढलात की त्याचा डाग आठवडाभर होता. आणि म्हणालात, "सर, दारं मी बदलली. माझ्या हातनं झालं."

नंतर प्रयोगशाळेच्या खोलीत मी रडायला लागले तेव्हा तुम्ही चिडलात. "माझी नोकरी पक्की हाय. तुझं अजून कशात काय न्हाय. गप बसायचं."

मी गप बसले. हीच गोष्ट मला तुमच्या तोंडावर कधी नीट बोलता आली नाही, म्हणून आता बोलते. तुम्ही सांगितलंत म्हणून मी गप बसले, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मला गप बसायचंच होतं. तुमची ताकीद मला सोयीची होती. तुमच्या पदराआड मी लपले आणि वर सोळा वर्षं आज्ञाधारक म्हणून मिरवले.

त्याचं काय झालं ते मी रोज बघत होते. तुमच्याकडून प्रयोगशाळेच्या किल्ल्या काढून घेतल्या. ऑफिसच्या दाराबाहेर स्टुलावर बसवलं. घंटा वाजवायची, वह्या पोचवायच्या. ज्या हातांनी तुम्ही परीक्षानळी उजेडात धरून नववीच्या पोरांना रंग दाखवायचात, त्या हातांनी निवृत्त होईपर्यंत साहेबांचा चहा आणलात. स्टाफरूममध्ये एकदा एक जण म्हणाला, असल्यांच्या हातात प्रयोगशाळा दिली की असंच व्हायचं. 'असल्यांच्या' म्हणजे कुणाच्या, ते त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. त्या 'असल्यां'त मीही होते, वन्सं. मी तिथंच डबा उघडून बसले होते. आपल्यातल्या एकाची चूक सगळ्यांच्या नावावर खपवतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. म्हणून तर तुम्ही प्रत्येक दगड दोनदा तपासायचात. आणि तरी ती चूक तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतलीत. मला कायम केल्याचा आदेश आला त्या दिवशी तुम्ही पेढे आणलेत. त्यातला एक मी खाल्लाही. त्याची मला आजही चीड येते.

तुमच्यावरही चीड येते. हो, येते. कुणी मागितला होता तुमच्याकडं एवढा मोठेपणा? मला माझी चूक भोगू दिली असतीत तर कदाचित नोकरी गेली असती, दुसरी मिळाली असती. मी तुमच्यासारखी ताठ मानेनं चालले असते. तुम्ही मला वाचवलंत आणि वाचवताना मला लहान करून ठेवलंत. हे भांडण आपलं राहून गेलं. मला ते तुमच्याशी करायचं होतं, मोठ्यानं, चुलीपुढं, सासूबाई मधे पडेपर्यंत.

निवृत्तीनंतर मात्र तुम्ही घरातच टाकीत ठेवायच्या वस्तू करायला लागलात आणि आपल्या बावड्यात गावभर तुमचं नाव झालं. दाताच्या डॉक्टरांना त्यांची जुनी शाळा, कुणाला पन्हाळ्याचा बुरूज, कुणाला पोराच्या वाढदिवसाला रेल्वे स्टेशन. सगळं कुंभाराकडच्या बिनरंगाच्या भाजक्या मातीत, नाहीतर काळ्या दगडात. तो पैलवानाचा बाप आठवतो? त्याला टाकीत तालीम पाहिजे होती, आणि माती त्यांच्याच आखाड्यातली पाहिजे होती. पिशवी घेऊनच आला होता. तुम्ही मूठभर माती हातात घेतलीत, वास घेतलात आणि त्याला विचारलंत, हिच्यात काय काय घालता? तो छाती फुगवून म्हणाला, ताक, हळद, तेल, लिंबू, समदं. तुम्ही म्हणालात, "मग पावणं, मीठ तेवढं ऱ्हायलं. मासं आपोआप शिजतील." तो इतका हसला की शेवटी भाजक्या मातीचा आखाडा घेऊन गेला, आणि मातीची पिशवी आपल्या कुंडीत गेली.

तेव्हाही प्रत्येक वस्तू तुमच्या परीक्षेला बसायचीच. आधी तुम्ही वस्तू बादलीत भिजवून त्यात एक गोगलगाय सोडायचात, जगली तर वस्तू पास. मी म्हटलं, रोज पाणातिपाता वेरमणी, जीव घेणार नाही, म्हणता आणि एका जिवाची परीक्षा दुसऱ्याच्या जिवावर घेता? चुरचुरीत बोलायचं म्हणून बोलले होते. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी बघते तर बादलीतल्या पाण्यात मटकी भिजत घातलेली. चांगले लांब मोड आले तर पाणी निर्दोष, मोड खुरटले तर वस्तू बाद. शेजारी नळाच्या पाण्यातली मटकी, तुलनेला. तेव्हापासून आपल्या घरात आठवड्याला दोनदा मिसळ. नळाच्या पाण्यातल्या मटकीची, हे इथं सांगितलेलं बरं. मी तरी वाद घालायचीच, की मटकी काही मासा नाही, तिला जे चालतं ते माशाला चालेलच कशावरून? तुम्ही म्हणायचात, "तुझं बरोबर हाय, पर दुसरं काय सुचंस्तवर ही बरी." तुम्हाला दुसरं काही सुचायच्या आत तुम्ही गेलात. मलाही अजून सुचलेलं नाही.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी तो विषय काढला. म्हटलं, वन्सं, आता तरी सांगू दे. तुम्ही डोळे मिटून घेतलेत आणि विचारलंत, बादलीतलं पाणी बदललं का. मी म्हटलं, बदललं. तुम्ही म्हणालात, बरं. एवढंच. त्याला परवानगी म्हणायचं की नकार, यावर मी खूप डोकं खाजवलं. मग ठरवलं, विचारायचंच नाही.

त्या दिवशी मांडवात तुमचा फोटो ठेवला होता, पांढऱ्या साडीतला, भाचीच्या लग्नातला. बौद्धाचार्यांनी त्रिशरण, पंचशील सांगितलं आणि सगळ्यांबरोबर मी म्हणत होते. पहिल्याच शीलाला माझी जीभ अडकली. मग लोक बोलायला उठले. तेव्हाचे मुख्याध्यापक आले होते, आता थकलेत, काठी घेऊन चालतात. ते खूप चांगलं बोलले, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. म्हणाले, बाई कष्टाळू होत्या, प्रामाणिक होत्या, एकदा त्यांच्या हातून टाकीतले मासे दगावले, पण त्यांनी चूक लगेच कबूल केली, आजकाल असं कोण करतं. लोकांनी माना डोलावल्या. तुमच्या फोटोसमोर, तुमच्या गौरवाच्या भाषणात, माझी चूक तुमच्या नावावर कायमची बसत होती. कौतुक म्हणून बसत होती. निंदा झाली असती तर कदाचित मी सोसलं असतं. कौतुक सोसवेना.

मी उठले. म्हटलं, "सर, ती दारं मी बसवली होती. वन्संनी माझी नोकरी वाचावी म्हणून खोटं सांगितलं. त्यांच्या हातून एकही मासा मेला नाही."

सर म्हणाले, "जाऊ द्या बाई, गेलेल्या माणसाचं आता कशाला."

मी म्हटलं, "गेलेल्या माणसाचंच सांगतेय, सर. जिवंत माणसाचं मी इतकी वर्षं सांभाळलं."

खाली बसले तर शेजारी हौसामावशी. तुमच्याबरोबर लहानपणी नदीवर धुणं धुवायला जायच्या त्या. त्यांनी माझ्याकडं न बघता म्हटलं, "जित्तेपणी सांगायचं हुतंस की गं. तिनं ऐकलं असतं." सगळ्या मांडवात खरं बोलल्या त्या मावशीच. त्यांचा हात मात्र त्यांनी माझ्या गुडघ्यावर ठेवला होता आणि लोक उठेपर्यंत काढला नाही.

तुमचा भाऊ दोन दिवस बोलला नाही. मला वाटलं माझ्यावर रागावलाय. तिसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाला, आक्कानं मला बी सांगितलं न्हाय. तो तुमच्यावर रागावलाय, वन्सं. त्याचं-तुमचं काय ते तुम्हीच बघा. नातेवाइकांत काहींचं म्हणणं पडलं की घरातली घाण वेशीवर टांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, वेशीवर तर वन्सं सोळा वर्षं टांगलेल्या होत्या, मी त्यांना उतरवून घेतलं. त्यानंतर कुणी फोन केला नाही. शाळेतही कुजबुज आहे. मी स्टाफरूममध्ये गेले की बोलणं थांबतं. थांबू दे. तुम्ही स्टुलावर बसून घंटा वाजवलीत, मला तीन-चार महिने शांततेत डबा खायला काय होतंय.

गेल्या आठवड्यात मी आताच्या मुख्याध्यापिकांना अर्ज दिला. ती टाकी अजून अडगळीच्या खोलीत आहे, मला ती परत व्हरांड्यात पाहिजे. अर्जात कारण लिहिलं, सगळं, तांब्यासकट, चिंचेसकट. त्या वाचून म्हणाल्या, मॅडम, एवढं लिहायची काय गरज, धरणाचा प्रकल्प करायचा आहे एवढं पुरे आहे. मी म्हटलं, पुरे नाही. त्यांनी सही केली. सातवीच्या मुली लागल्यात कामाला. तुमच्यासारखंच, एकीनं व्हिनेगर टाकून दगडाला कान लावला आणि ओरडली, मॅडम, हा बोलतोय. सिमेंटची भिंत टबात बुडवलीय. आणखी महिनाभर तरी पाण्यात मासा जाणार नाही, साहेब येवोत नाहीतर मंत्री येवोत.

मुलींनी विचारलं, टाकीवर नाव कुणाचं लिहायचं. म्हटलं, धरण कुणाला सुचलं तिथं वन्संचं लिहा. त्याच्या खाली लिहा, आतल्या प्रत्येक वस्तूला जबाबदार मी. त्यांना वाटलं मी मोठेपणा घेतेय. वाटू दे त्यांना.

मी तुमच्याइतकी हुशार नाही, तुमच्याइतकी दमाची नाही. माझ्याकडून पुन्हा काही राहून जाईल, एखादा मासा उलटा होईलही. तेव्हा व्हरांड्यात पावलं वाजतील आणि कुणीतरी विचारेल, हे कुणाच्या हातून झालं. वन्सं, त्या वेळी तुम्ही मधे पडायचं नाही.